टाके निघाल्यानंतर

स्पायना बिफिडा,

तुझी माझी भेट झाली २००५ साली, गौरी जेवायच्या दिवशी. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, एका छोट्या प्रसूतिगृहात मला मुलगी झाली. ती रडली, नर्सबाई 'लक्ष्मी आली' म्हणाल्या, पुसायला म्हणून त्यांनी बाळाला पालथं केलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. माकडहाडाच्या थोडं वर लिंबाएवढी पाणीदार गाठ होती. वरचं आवरण कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आणि मधोमध लालसर, ओला पट्टा. तो पट्टा म्हणजे माझ्या मुलीचा मज्जारज्जू होता, उघड्यावर आलेला, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

तिचे वडील आणि आत्या त्याच रात्री तिला घेऊन पुण्याला निघाले. नर्सबाईंनी गाठीवर सलाइनमध्ये भिजवलेली गॉज ठेवली होती आणि ती सुकू द्यायची नाही, बाळाला उताणं करायचं नाही, एवढं बजावलं होतं. आत्यानं गाडीत बाळाला मांडीवर पालथं धरलं आणि पाच तास सिरिंजनं थेंब थेंब सलाइन सोडत राहिली. मी मागाहून पोचले तेव्हा तिच्या पांढऱ्या ओढणीला सलाइनचे डाग पडून ती कडक झाली होती. तुझ्याशी झालेल्या आमच्या झटापटीतलं पहिलं काम आत्यानं केलं, आणि ते चोख केलं.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी केसपेपरच्या मागं चित्र काढून समजावलं. उघडा पट्टा कातडीपासून हलक्या हातानं सोडवायचा, त्याची पुन्हा गुंडाळी करायची, वर मज्जारज्जूचं आवरण शिवायचं, मग स्नायूंचा पडदा, मग कातडी. जन्मानंतर दोन दिवसांच्या आत हे झालं तर मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग पोचण्याचा धोका खूप कमी होतो. मग ते म्हणाले, "ताई, हे ऑपरेशन तिला पाय देणारं नाही. जे उरलंय ते राखणारं आहे." त्या वेळी मला हे वाक्य निर्दय वाटलं होतं. आता वाटतं, इतकं खरं बोलणारा माणूस पहिल्याच दिवशी भेटला हे आमचं नशीब.

पाचव्या रात्री आमच्याकडे सटवाईची पूजा करतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर पुढचं सगळं लिहून जाते. सासूबाईंनी ती पूजा गावी, रिकाम्या पाळण्यापुढे केली. त्या रात्री बाळ पुण्यात काचेच्या पेटीत पालथं झोपलं होतं. कपाळ गादीत टेकलेलं, आणि पाठीवर उभ्या रेघेत बारा टाके.

टाके निघाले आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "ऑपरेशन सक्सेसफुल झालं ना?" मी हो म्हणायची. ते खोटं नव्हतं. जखम भरली होती, ताप आला नव्हता, पाणी झिरपत नव्हतं. पण मी शाळेत शिकवते. निकालपत्रक भरणं हे माझं दरवर्षीचं काम आहे, आणि पहिल्या घटक चाचणीवर वर्षाचा निकाल लावायचा नसतो हे मला कळतं. तुझ्या बाबतीत मात्र सगळे पहिल्या आठवड्यातच निकाल लावून मोकळे होतात. कुणी 'सक्सेसफुल' म्हणून, कुणी 'या पोरीचं पुढं कसं व्हायचं' म्हणून. वीस वर्षं मला हे खुपतं आहे, म्हणून हे पत्र तुला आणि सगळ्यांसमोर.

तू कशी येतेस ते मी नंतर वाचून शिकले. गर्भ अगदी कोवळा असताना त्याच्या पाठीवर पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि पट्टीची नळी होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू. हे सगळं गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांत आटोपतं. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर. खालच्या बाजूला नळी मिटायची राहिली, तर तिच्यावर चढायचे मणक्याचे कमानीसारखे भागही दुभंगलेले राहतात. त्यावरूनच तुझं नाव पडलं, दुभंगलेला कणा. सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या निकोलास तुल्प या डॉक्टरांनी ते लिहून ठेवलं. रेम्ब्रांटच्या १६३२ सालच्या प्रसिद्ध चित्रात शवविच्छेदन शिकवताना दिसतात तेच हे तुल्प.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते, कारण शाळेत मला पालक विचारतात. कंबरेच्या एक्स-रेवर 'स्पायना बिफिडा ऑकल्टा' असं लिहून आलं म्हणून घाबरलेली धडधाकट माणसं मी पाहिली आहेत. तो बहुतेक वेळा मणक्याच्या हाडातला छोटासा न जुळलेला भाग असतो, आत मज्जारज्जू शाबूत असतो आणि आयुष्यभर काही होत नाही. पण तान्ह्या बाळाच्या कंबरेवर केसांचा झुपका, मऊ चरबीची गाठ किंवा वरच्या बाजूला खोल खळगा दिसला तर 'देवाची खूण' म्हणून सोडून देऊ नये. आत मज्जारज्जू अडकलेला असू शकतो.

ग्रहणाचं सांगायला हवं. बाळंतपणानंतर माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा बायकांनी विचारलं, "ग्रहण पाळलं होतंस ना? काही चिरलं-बिरलं नव्हतंस ना?" त्या नऊ महिन्यांत आमच्याकडे दिसणारं ग्रहण कधी झालं, हेही त्यांच्यातल्या कुणाला नीट आठवत नव्हतं. मी मात्र रात्री पडल्या पडल्या हिशेब करायची: विळीवर कधी बसले, भोपळा कधी कापला. कितीतरी महिने करत राहिले. अठ्ठावीस दिवसांचं मला आधी कुणी सांगितलं असतं तर ते महिने वाचले असते. पोटुशी असल्याचं माझं मलाच कळण्याच्या सुमाराला तुझं काम होऊन गेलं होतं. ज्या कुणा आईला आज तो प्रश्न विचारला जातोय तिनं एवढं पाठ करून ठेवावं आणि विळीचा हिशेब थांबवावा.

पाठीचं आटोपल्यावर तू डोक्याकडे वळलीस. आत्या कपडे शिवते. तिच्या शिवणाच्या टेपनं आम्ही रोज सकाळी बाळाच्या डोक्याचा घेर मोजायचो आणि कॅलेंडरवर लिहायचो. तिसऱ्या आठवड्यात आकडे पळायला लागले, टाळू फुगली. मेंदूतलं पाणी खाली उतरायची वाट अडली होती. मज्जारज्जू उघडा राहिलेल्या बाळांमध्ये मेंदूचा मागचा भाग मानेकडे सरकतो आणि वाट अडते. मग शंट बसला. कानामागं कातडीखाली छोटा व्हॉल्व्ह आणि तिथून पोटापर्यंत उतरणारी बारीक नळी.

त्या व्हॉल्व्हची गोष्ट कळल्यापासून मी त्याच्याकडे यंत्र म्हणून पाहत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ कुलपं बनवणाऱ्या कारखान्यात जॉन होल्टर नावाचे एक तंत्रज्ञ होते. १९५५ साली त्यांचा मुलगा केसी तुला घेऊनच जन्मला. डोक्यातलं पाणी एकाच दिशेनं सोडणारी, बुजणार नाही अशी झडप डॉक्टरांकडे नव्हती. होल्टर घरी गेले आणि आपल्या कामाच्या जागी बसून त्यांनी ती बनवायला घेतली. सर्जन युजीन स्पिट्झ यांच्या साथीनं १९५६ पर्यंत सिलिकॉनची झडप तयार झाली. तिच्यावर जगभरची असंख्य मुलं जगली. केसी स्वतः काही वर्षांतच गेला. त्या बापाचं नाव माझ्या मुलीच्या कानामागं आहे असं मी समजते.

शंट बसला म्हणजे डोक्याचा निकाल लागला, असंही नाही. पहिल्या दोन वर्षांत दहातले चारएक शंट बंद पडतात किंवा बिघडतात. आमचा सहा वर्षं टिकला. तो गेला दिवाळीत. पोरीला उलट्या सुरू झाल्या, सगळे म्हणाले फराळ बाधला. जवळच्या डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं म्हणाली, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला उठवलं तर उठेना आणि डोळे खाली वळलेले, बुबुळांच्या वर पांढरं दिसायला लागलेलं. पुण्याच्या वाटेवर मी तिला सतत बोलती ठेवत होते. अडीचकी चुकली की टोचून पुन्हा म्हणायला लावत होते. त्या रात्री व्हॉल्व्ह बदलला आणि सकाळी तिनं डोळे उघडून पहिली गोष्ट विचारली ती किल्ल्याची. भावंडांनी अंगणात मातीचा किल्ला केला होता, तो पडला तर नाही ना. शंट असलेल्या मुलाची उलटी ही आधी शंटची समजायची आणि मग पोटाची. ही एक ओळ गावोगावच्या दवाखान्यात भिंतीवर लावायला हवी.

आता शेफिल्डबद्दल. इंग्लंडमधल्या त्या शहरात साठच्या दशकात तुझ्या प्रत्येक बाळावर तातडीनं शस्त्रक्रिया होऊ लागली. जॉन लॉर्बर या बालरोगतज्ज्ञांनी अशा ५२४ मुलांचा पाठपुरावा करून १९७१ साली निष्कर्ष मांडले. जगलेल्यांपैकी पुष्कळांना तीव्र अपंगत्व होतं, म्हणून जन्माच्या दिवशी काही लक्षणं दिसली तर त्या बाळांवर शस्त्रक्रिया करूच नये, असं त्यांनी सुचवलं. ते अनेक ठिकाणी मानलं गेलं. त्याच शहरातले सर्जन रॉबर्ट झॅकरी यांनी त्याला जाहीर विरोध केला. लॉर्बर क्रूर होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं त्यानं ते हादरले होते. पण पहिल्या दिवशीच्या पायांवरून माणसाच्या चाळिसाव्या वर्षाचा अंदाज बांधता येतो हे त्यांचं गृहीतक मला पटत नाही. त्यांच्या यादीत मूल किती वाकडं आहे याला रकाना होता. त्याची मूत्रपिंडं पुढं कोण राखणार, शाळेत कोण घेणार, याला नव्हता.

कारण, बाई, तू माणसं मारायचीस ती पायांतून नव्हे. लघवीतून. मूत्राशयाला मेंदूचा निरोप पोचत नाही, ते नीट रिकामं होत नाही, आत दाब वाढतो, लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढते आणि मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. मुलाला काही दुखत नाही म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो. यावरचा उपाय कुठल्याही मोठ्या ऑपरेशनपेक्षा साधा निघाला. १९७२ साली मिशिगनच्या जॅक लॅपिडस यांनी सांगितलं की दर तीन-चार तासांनी बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करा. निर्जंतुक हातमोज्यांचा थाट लागत नाही, साबणानं धुतलेले स्वच्छ हात पुरतात. त्यावर त्या काळी विश्वास बसायला वेळ लागला. आज तुझ्यासोबत म्हातारी होणारी माणसं आहेत, त्यात या नळीचा वाटा फार मोठा आहे.

ही नळी मी पहिल्यांदा घातली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती आणि माझे हात थरथरत होते. पुढं ते केस विंचरण्याइतकं सवयीचं झालं. अडचण आली ती तिला शाळेत घातल्यावर. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती आणि नळाला पाणी असलं तर असलं. अकरा वाजता आणि दोन वाजता मी माझा वर्ग शेजारच्या बाईंवर सोपवून तिच्याकडे जायची आणि कोळशासारख्या काळ्या पडलेल्या त्या दाराला पाठ लावून उभी राहायची. दुसरीत असताना आमच्या मुख्याध्यापकांनी एक दिवस मला बोलावलं आणि शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली तिच्या हातात दिली. माझ्या नव्हे, तिच्या. तिनं ती लाल दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. महिन्याभरात आरशाचा तुकडा घेऊन स्वतःची नळी स्वतः घालायला शिकली.

आजवर तिच्यावर सहा शस्त्रक्रिया झाल्या. मला कुणी विचारलं की यातली सगळ्यात यशस्वी कुठली, तर माझ्या डोळ्यांपुढं ती किल्ली येते. सहाही शस्त्रक्रियांचं राखलेलं फळ तिच्यावर टिकून होतं. शाळेला स्वच्छतागृह नसेल तर मूल पाणी प्यायचं सोडतं, नळी टाळतं, आणि पाच वर्षांनी कुठल्यातरी मोठ्या इस्पितळातल्या निरीक्षणात 'मूत्रपिंड निकामी' अशी एक नोंद वाढते. त्या नोंदीत कडीचा उल्लेख नसतो.

बाकी तुझ्या छोट्या छोट्या खोड्याही कमी नाहीत. रबराची ॲलर्जी तुझ्या मुलांत फार, म्हणून आमच्याकडे वाढदिवसाला फुगे नाहीत. तळपायाला स्पर्श कळत नाही. नऊ वर्षांची असताना चैत्रात देवाला गेलो होतो. बूट, कॅलिपर काढून ती आजीचा हात धरून दगडी फरशीवरून गाभाऱ्यापर्यंत गेली आणि उन्हाला वैतागून परत आली. बाहेर येऊन मोजे घालताना पाहिलं तर दोन्ही तळव्यांना फोड. तिला काहीच कळलं नव्हतं. ती जखम भरायला अडीच महिने लागले. तेव्हापासून ती देवळात मोजे घालून जाते. एका पुजाऱ्यांनी हटकलं तेव्हा सासूबाई, त्याच सटवाई पूजणाऱ्या, पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "देवाला तिचे पाय ठाऊक आहेत."

बारावं वर्ष आणि उंची वाढायचा काळ. जिथं पाठ शिवली होती तिथल्या व्रणाला मज्जारज्जू चिकटलेला असतो. मूल वाढतं, कणा लांबतो, आणि चिकटलेला मज्जारज्जू खालून ओढला जातो. याला टेथर्ड कॉर्ड म्हणतात. आमच्या मुलीची कंबर दुखायला लागली, डावं पाऊल जास्त आत वळू लागलं, दोन नळ्यांच्या मधे लघवी गळू लागली. एमआरआय काढला. पण इथं एक मेख आहे आणि ती पालकांनी समजून घ्यावी: पाठ शिवलेल्या बहुतेक सगळ्याच मुलांच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जू खाली चिकटलेला दिसतो. त्यामुळं फिल्मवर ऑपरेशन ठरत नाही, मुलात काय बदललं यावर ठरतं. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, सहा महिन्यांपूर्वी ती किती जिने चढायची? ते मला सांगता आलं, कारण मी वहीत लिहीत होते.

सर्जननी या वेळीही आकडे फुगवले नाहीत. दुखणं बहुधा जाईल, पायाची ताकद थोडी सुधारेल किंवा निदान आणखी घटणार नाही, लघवीचं सांगता येत नाही. आणि पुन्हा चिकटू शकतो. झालंही तसंच. दुखणं आठवड्यात गेलं. पाऊल थोडं सुधारलं. लघवी जशीच्या तशी, म्हणून औषध वाढलं. घरातल्यांना हा निकाल अर्धवट वाटला. मला नाही. 'घटणं थांबलं' ही तुझ्याशी लढताना मोठी कमाई असते, पण ती पेढे वाटावेत अशी दिसत नाही.

आणि आता पोटात असतानाच. २०११ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले. फिलाडेल्फिया, नॅशव्हिल आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन केंद्रांत काही मातांची शस्त्रक्रिया सव्विसावा आठवडा पूर्ण होण्याआधी, गर्भाशय उघडून, बाळाची पाठ शिवून केली. काहींच्या बाळांची नेहमीसारखी जन्मानंतर. फायदा इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्या संख्येच्या आधीच थांबवला. जन्मानंतरच्या गटात १०० पैकी ८२ बाळांना वर्षाच्या आत शंटची गरज लागली, पोटातल्या गटात ४० जणांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराशिवाय चालणारी मुलं २१ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेली. पुढं शाळेच्या वयात पाहिलं तर आपणहून लघवी करू शकणारी मुलं ४ टक्क्यांऐवजी २४ टक्के होती.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझी मुलगी शेजारी बसून गृहपाठ करत होती. २००५ साली माझ्यासाठी यातलं काहीही नव्हतं, तरी मला गिळलेला घोट उतरेना. मग शांतपणे पुन्हा वाचलं. पोटातली बाळं सरासरी ३४व्या आठवड्यातच जन्मली. आईच्या गर्भाशयावर व्रण राहतो, तो पुढच्या खेपेला फाटण्याची भीती असते, पुढची सगळी बाळंतपणं सिझेरियननंच करावी लागतात. आणि ४२ टक्के चालले याचा दुसरा अर्थ ५८ टक्के आधाराशिवाय चालले नाहीत. तुला हरवलेलं नाही, थोडं मागं ढकललं आहे. ज्या आईला हा पर्याय मिळेल तिनं दोन्ही बाजूंचे आकडे ऐकून निर्णय घ्यावा.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तू दिसलीस आणि गर्भपाताचा निर्णय घेतला, अशा आयाही मला भेटल्या आहेत. कायद्यानं त्यांना तो हक्क आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीनं चोवीस आठवड्यांनंतरही. मला वेळेत कळलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. माझी मुलगी समोर बसलेली असताना त्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही आणि त्या आयांनी मला काही उत्तर द्यावं असंही मला वाटत नाही. फक्त निर्णयाच्या खोलीत त्यांना एखादं वीस वर्षांचं, नळी वापरून कॉलेजला जाणारं मूल दाखवलं जावं, एवढं वाटतं. तुझ्यासह जन्मलेल्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांनी व्हीलचेअर शर्यतीत पॅरालिम्पिकची अकरा सुवर्णपदकं मिळवली. पण मला त्यांच्याइतकीच, सकाळी साडेसातची बस पकडणारी साधी मुलगी दाखवायची आहे.

सगळ्यात जास्त राग मला कशाचा येतो ते आता लिहिते. तू पुष्कळ वेळा टाळता येतेस. १९९१ साली, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा स्त्रियांवर सात देशांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्या गटांत ६ बाळांना हे व्यंग झालं, न घेणाऱ्यांत २१ बाळांना. धोका ७२ टक्क्यांनी कमी. मला धाकटा मुलगा झाला तो आधी तीन महिने रोज ती पिवळी गोळी घेऊनच. इतर स्त्रियांना रोज ०.४ मिलिग्रॅम पुरतं. पण ते गर्भ राहण्याआधी पोटात हवं, आणि आमच्याकडे आशाताई नाव नोंदवून गोळ्या देतात तोवर दुसरा-तिसरा महिना उजाडतो.

सोमवारी मी माझ्या वर्गातल्या मुलींना निळी गोळी वाटते. आठवड्याला एक, त्यात लोह ६० मिलिग्रॅम आणि फोलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. रक्तासाठी ती चांगली आहे, मी डोळ्यांदेखत गिळायला लावते. पण तुला रोखायचं तर आठवड्याला २.८ मिलिग्रॅम लागतं असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं आहे. म्हणजे पाचपटीहून जास्त. यातल्या काही मुली बारावीनंतर लगेच बोहल्यावर चढतील. त्यांच्या पोटात जे जायला हवं त्याचा पाचवा हिस्साही मी देत नाही, हे माहीत असताना दर सोमवारी पाकीट फोडणं मला जड जातं.

अमेरिकेनं १९९८ पासून पिठात फोलिक ॲसिड घालणं सक्तीचं केलं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं तुझं नाव घेऊन ठराव केला की अन्नातून हे द्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२१ साली, आमच्या सांगलीतल्या एका प्रयोगाचा अहवाल आला होता. बालशल्यचिकित्सक डॉ. रवींद्र व्होरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ तरुण मुलींना दोन महिने रोज एक कप चहा दिला. काहींच्या चहाच्या पिशवीत फोलेट आणि बी-१२ मिसळलेलं होतं. त्यांची रक्तातली पातळी वाढली, हिमोग्लोबिनही सुधारलं. प्रयोग लहान आहे, त्यानं बाळांमधलं व्यंग घटतं हे अजून दाखवायचं आहे. पण पाठी शिवणाऱ्या सर्जनला चहाच्या कपाकडे वळावंसं वाटलं, हे मला समजतं. आमच्या घरी भाकरीला पीठ नसेल तरी चहा होतोच.

मुलगी आता सांगलीला वसतिगृहात राहून बी.कॉम. करते. बोलताना ती तुला शत्रू वगैरे म्हणत नाही, 'माझी पाठ' म्हणते. हे पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, किल्लीचा दोरा लाल नव्हता, केशरी होता. दुसरी, फोड आले तेव्हा ती हसत परत आली नव्हती, उन्हाला वैतागली होती. मी तिला उगाच शूर करते आहे. पहिली चूक मी तशीच ठेवली, कारण मला लालच आठवतो.

उद्या तिची वार्षिक तपासणी. क्रिएटिनिन, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, पावलं, शंटची चौकशी. सहाची गाडी आहे. फाईल आता एका पिशवीत मावत नाही, म्हणून २००५ ते २०१२ ची मी वेगळी बांधली आहे. डॉक्टर ती उघडत नाहीत, तरी मी नेते.

तुझ्या एका मुलीची आई
सांगली जिल्हा